नोडची वाटणी झाली, पण बांध मोडला

हिंगोलीहून बोलतोय. आपल्याकडं शेताची वाटणी झाली की बांध सहसा मोडत नाही. नोड जेएसचा मोडला.

सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. कोड सगळ्यांचा, पण नाव आणि कारभार जॉयंट कंपनीकडं. कामं रखडली, तसं डिसेंबर २०१४ मध्ये वैतागलेल्या डेव्हलपर्सनी आयओ जेएस ही वेगळी चूल मांडली.

२०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली नोड जेएस फाउंडेशन झालं. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट पाठीशी आले. तांत्रिक निर्णय मात्र कोड लिहिणाऱ्यांच्या समितीकडं. सप्टेंबरात दोघं नोड ४ म्हणून एक झाले.

मित्रांनो, तुमचा प्रोजेक्ट चालला तर कंपन्या येतीलच. पैसा जरूर घ्या. पण सातबारा एकट्या कंपनीच्या नावावर करू नका.