दोन वर्षांची सहप्रवासिनी

मुंबईहून रायचूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पुण्यापुढे केडगाव लागते आणि सोलापूर ओलांडल्यावर गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी. या दोन गावांना जोडणारी एक हकीकत आमच्या सीमाभागातील मराठी घरांतूनही हल्ली फारशी कोणी सांगत नाही. तीच आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहे.

१८८२ साली पंडिता रमाबाईंचे पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले, तेव्हा कन्या मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. आईवडील आणि भाऊ तर त्यापूर्वीच गेलेले. पुढल्या वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नावर भाड्याची सोय करून, वैद्यक शिकण्याच्या उमेदीने, रमाबाई इंग्लंडला निघाल्या. मूल मागे ठेवून जावे, असे घरच त्यांना उरले नव्हते.

वाँटेज येथील जोगिणींच्या मठात मायलेकींना आसरा मिळाला व त्याच वर्षी दोघींचा बाप्तिस्मा झाला. त्यावरून इकडे उठलेल्या वादळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एक घरगुती गोष्ट. कानांनी दगा दिल्यामुळे वैद्यकाचा नाद सोडून बाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू व संस्कृत शिकवू लागल्या. जेराल्डीन नावाच्या जोगिणीला त्या ‘आजीबाई’ म्हणत. परंतु मुलीला कोणते धर्मविचार शिकवावेत, हा प्रश्न निघताच या आजीबाईंशीच खटके उडाले. अन्न त्यांचे, छप्पर त्यांचे. तरी मूल माझे, हे परक्या देशात एकटीने म्हणावयास किती धैर्य लागत असेल! त्या पानात मांस मात्र कधी आले नाही.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या, तेव्हाही मनोरमा बरोबर होती. पुढे व्याख्यानांचे दौरे वाढले आणि पाच वर्षांच्या त्या पोरीला परत वाँटेजला धाडावे लागले. मध्ये सारा अटलांटिक महासागर. हे योग्य झाले की अयोग्य, ते सांगण्यास मी धजत नाही. विधवांच्या शाळेसाठी पैसा तेथेच मिळावयाचा होता, आणि १८८९ साली मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले ते त्याच पैशावर.

आज एकट्या आईची वाट काहीशी सुकर झाली आहे; २०१६ पासून मुलाच्या पारपत्राच्या अर्जावर आई वा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालते. मुलाला कोणाच्या स्वाधीन करून कामावर जावे, हा प्रश्न मात्र सरकारी कागदाने सुटत नाही.

मनोरमाबाई परदेशांत शिकून परतल्या आणि केडगावी आईचा उजवा हात बनल्या. १९१२ साली, निजामी अमलातील गुलबर्ग्यास, उर्दू, कानडी आणि मराठी कानांवर पडणाऱ्या त्या गावात, त्यांनी मुलींची शाळा काढली. १९२१ साली, चाळिसाव्या वर्षी, त्या वारल्या. पुढल्या एप्रिलात आईही गेली.