खुर्दा मोडीत काढण्यापूर्वी

(कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेले भाषण)



बेकारी, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची परवड असे प्रश्न दाराशी उभे असताना एक-दोन रुपयांच्या नाण्यांवर व्याख्यान कसले, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु ज्याच्या खिशात मोठ्या नोटा असतात त्याला खुर्द्याचा विचार करावा लागत नाही. ज्याचा दिवस खुर्द्यावरच चालतो त्याला तो पदोपदी करावा लागतो. तेव्हा हा प्रश्न क्षुद्र वाटणे किंवा न वाटणे हेच मुळी आपण कुठल्या वर्गाच्या नजरेने पाहतो यावर अवलंबून आहे.

प्रस्ताव साधा आहे. लहान किमतीची नाणी पाडणे सरकारने थांबवावे आणि लहान रकमांचे व्यवहार कार्डावर व मोबाइलवर सोपवावेत. यासाठी पुढे केले जाणारे पहिले कारण खर्चाचे. २०१८ साली माहितीच्या अधिकाराखाली मिळालेल्या उत्तरात एक रुपयाचे नाणे पाडण्यास सरासरी १ रुपया ११ पैसे खर्च येतो असे आढळले. रुपया निर्माण करण्यासाठी रुपयाहून अधिक खर्च करणे हा मूर्खपणा नव्हे काय, असे विचारले जाते. अमेरिकेनेही याच कारणासाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या एक सेंटच्या नाण्याची टांकसाळ थांबवली.

हा हिशेब दिसायला बिनतोड आहे, पण तो अपुरा आहे. नाणे ही एकदा वापरून टाकून देण्याची वस्तू नव्हे. टांकसाळीतून निघालेला रुपया वीस-तीस वर्षे हातोहात फिरतो, हजारो व्यवहार पार पाडतो आणि त्यातल्या एकाही व्यवहारावर कोणाला दलाली देत नाही. सार्वजनिक विहिरीचा खर्च तिच्यातून पहिल्या दिवशी काढलेल्या घागरीवर लादायचा नसतो.

तरीही एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो. नाण्याला मरण असते आणि काही नाण्यांचे मरण योग्यच असते. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी चलनातून गेली. पावलीसाठी त्या वेळी कोणी मोर्चा काढला नाही, कारण पावलीत विकत घेण्यासारखे बाजारात काही उरलेच नव्हते. म्हणजे तिला सरकारी अधिसूचनेने मारले नाही, तिला महागाईने आधीच मारले होते. आठ आण्यांची गत तर अधिक विचित्र आहे. २०११ च्या नाणे अधिनियमानुसार पन्नास पैशांचे नाणे दहा रुपयांच्या रकमेपर्यंत आजही कायदेशीर आहे. ते दुकानदाराला देऊन पाहा! कायद्याने जिवंत आणि बाजाराने मेलेले असे हे नाणे आहे.

चलनाचे मूल्य घसरते तेव्हा भाव आधी चढतात आणि मजुरी मागून रखडत येते. डॉ. आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाविषयीच्या आपल्या ग्रंथात हा मजुरांवरील अन्याय विचारात घेतला होता. आमच्या चळवळीत त्या ग्रंथाचे नाव जितके घेतले जाते तितका तो वाचला जात नाही. असो.

तेव्हा येथे दोन प्रश्न आहेत आणि ते जाणूनबुजून एकात मिसळले जात आहेत. सर्वांत लहान नाणे किती किमतीचे असावे, हा पहिला प्रश्न अंकगणिताचा आहे. नाण्याच्या जागी यंत्र आणावे काय, हा दुसरा सत्तेचा आहे. कॅनडाने २०१३ च्या फेब्रुवारीपासून आपल्या एक सेंटच्या नाण्याचे वितरण थांबवले, परंतु रोख देणाऱ्याची एकूण रक्कम जवळच्या पाच सेंटांपर्यंत वर किंवा खाली धरावी अशी व्यवस्था घालून दिली. नाणे गेले, पण रोखीचा हक्क गेला नाही आणि रकमेचा झुकाव एकाच बाजूला राहिला नाही. आपल्याकडे रक्कम नेहमी वरच सरकते. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार गिऱ्हाइकाच्या हातावर गोळी ठेवतो. गिऱ्हाइकाने मात्र गोळ्या देऊन साखर आणावी म्हटले तर चालत नाही.

आपल्या एसटीचेच पाहा. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले आणि किमान तिकीट अकरा रुपये झाले. त्या वरच्या एका रुपयावरून वाहक आणि प्रवासी यांच्यात खटके उडू लागले. मोबाइलवरून पैसे द्या, हा उपाय लगेच पुढे आला. भाडे दहाच्या किंवा पाचच्या पटीत ठेवावे, अथवा वाहकाला पुरेसा खुर्दा द्यावा, हे त्याहून साधे उपाय होते. पण व्यवस्थेची अडचण नेहमी दुबळ्यानेच आपली सवय बदलून सोडवावी, असा आपल्याकडे संकेतच आहे.

आता यंत्राकडे वळू. भाजीवाल्या मावशींच्या टोपलीशेजारी आज चौकटीचौकटींचे चित्र टांगलेले असते, पैसे आले की डबी बोलते, आणि मावशींना ते सोयीचे वाटते. याची कुचेष्टा करणारा मी नव्हे. सुट्ट्यांची कटकट वाचते, गल्ल्यातले पैसे चोरीला जात नाहीत. पण ही सोय फुकट कशी, हे विचारले पाहिजे. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना रुपये चालत आणि एकाचे दुसरे करून देताना सराफ बट्टा घेई. एक टांकसाळ, एक नाणे आणि बट्टा नाही, ही सुधारणा रयतेला फार उशिरा मिळाली. कार्डाने हा बट्टा पुन्हा आणला. फरक एवढाच की तो दुकानदाराकडून कापला जातो आणि म्हणून गिऱ्हाइकाला दिसत नाही. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरचे शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्य करण्यात आले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु त्याची भरपाई म्हणून सरकार बँकांना आणि कंपन्यांना प्रोत्साहनाच्या नावाने तिजोरीतून रक्कम देते. २०२४-२५ साठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली होती. नाण्यावर अकरा पैशांची तूट सोसवत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा आकडाही शेजारी लिहावा. शिवाय शून्य हे उद्या शून्यच राहील याची हमी कोण देतो? यूपीआयचे ऐंशी टक्क्यांहून अधिक व्यवहार दोन खासगी कंपन्यांच्या हाती गेले. एका कंपनीकडे तीस टक्क्यांहून अधिक वाटा नसावा असा नियम २०२० साली झाला, आणि त्याच्या पालनाची मुदत पुढे ढकलत ढकलत २०२६ च्या अखेरीवर नेण्यात आली. मक्तेदारी पक्की होईपर्यंत सेवा स्वस्त ठेवायची हा व्यापाराचा जुना डाव आहे.

मला सर्वाधिक चिंता वाटते ती घराच्या आतली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के आढळल्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या स्त्रियांच्या हाती ते यंत्रच नव्हते. आणि ज्या घरात फोन एक असतो तेथे तो कोणाच्या खिशात असतो, हे सांगायला नको. धुणीभांडी करणारी बाई चार घरचा पगार आणते. त्यातला थोडा खुर्दा ती डाळीच्या डब्यात, तांदळाच्या कणगीत, लुगड्याच्या गाठीत ठेवते. ही तिची बँक. तिच्या या बँकेचे पुस्तक नवरा वाचू शकत नाही. दारूच्या तडाख्यातून वाचलेल्या त्या नाण्यांतून मुलीची वही येते, पोराच्या तापाचे औषध येते, माहेरच्या एसटीचे तिकीट येते. रक्कम खात्यात आली की नवऱ्याच्या फोनवर संदेश वाजतो, आणि त्याच क्षणी ती रक्कम तिची राहत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा अशा हजारो डब्यांची झाकणे नवऱ्यासमोर उघडावी लागली. अर्थतज्ज्ञांच्या कोष्टकात या हानीला रकाना नव्हता. पारदर्शक व्यवहार ही मोठी सुंदर कल्पना आहे, पण घरातल्या दुबळ्या माणसाला कधी कधी थोडी अपारदर्शकता हाच आधार असतो.

दुसरी गोष्ट तितकीच गंभीर आहे. खिशातले नाणे दिल्लीहून बंद करता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरची दूरसंचार यंत्रणा बंद करण्यात आली, आणि तेथे मोबाइलवरील वेगवान इंटरनेट फेब्रुवारी २०२१ पर्यंत परतले नाही. जेथे दंड म्हणून इंटरनेट तोडले जाते, तेथे यंत्रावर विसंबलेला बाजारही त्याच हुकुमाने तुटू शकतो. हुकूम नसतानाही यंत्र रुसते. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय देशभर अडखळले, तेव्हा खिशात सुटे पैसे असलेल्यांचेच व्यवहार सुरळीत चालले. स्वीडनने आपले शेवटचे अर्ध्या क्रोनाचे नाणे २०१० मध्ये बंद केले आणि तो देश रोखीविना चालण्याचा आदर्श म्हणून आपल्याला दाखवला गेला. त्याच स्वीडनने २०२१ पासून मोठ्या बँकांवर रोखीची सेवा देण्याचे कायदेशीर बंधन घातले, आणि २०२४ मध्ये संकटकाळासाठी घरात रोकड ठेवा असे नागरिकांना पत्रकातून सांगितले. आपला मोह मात्र कालच्या स्वीडनचा आहे!

आपल्या रिझर्व्ह बँकेने तर फेब्रुवारी २०२३ मध्ये मोबाइलवरून पैसे भरले की नाणी देणारी यंत्रे बारा शहरांत बसवण्याची योजना जाहीर केली. ज्या साधनाने नाणे अनावश्यक व्हायचे, त्याच साधनाने नाणे मिळवायचे. याहून नाण्याच्या गरजेची वेगळी कबुली कोणती हवी?

तेव्हा आपली भूमिका काय असावी? नाणे अधिनियमात हजार रुपयांपर्यंत नाणी कायदेशीर चलन मानली आहेत, परंतु अफवेवर विसंबून दहा रुपयांचे नाणे नाकारणारा दुकानदार गावोगाव आढळतो. सर्व चौदा घाटांची नाणी वैध आहेत असे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगूनही हे चालूच राहिले. म्हणून पहिली मागणी अशी की एसटी, शिधावाटप दुकान, सरकारी दवाखाना, शाळा आणि वीजबिल भरणा केंद्र येथे रोख नाकारणे हा गुन्हा ठरावा. पन्नास पैशांना रजा द्यायची असेल तर खुशाल द्यावी. पण एक रुपया हटवण्याची भाषा निघेल त्या दिवशी रक्कम वर आणि खाली दोन्हीकडे धरण्याचा नियम कायद्यात लिहून घेतला पाहिजे, आणि तो तपासण्याचे काम वैधमापन खात्याच्या निरीक्षकाकडे दिले पाहिजे, कारण वजनकाट्याची तपासणी तोच करतो. प्रत्येक तालुक्याच्या बँकेत आठवड्यातून एक दिवस विनाअट खुर्दा मिळावा, आणि फेरीवाल्यांकडून पिशवीभर नाणी घेताना रोखपालाने तोंड वाकडे करू नये. पुढच्या महिन्यात तालुका बँकांवर जी निवेदने न्यायची आहेत, त्यांत ही कलमे घालावीत.