सहा गळे, दहा मिनिटं आणि एक फोन

(युवक महोत्सवाच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींसमोर माहूरला केलेल्या बोलण्याचा हा मजकूर. ऐकायला वेळ नसेल त्यांनी वाचा. मध्येमध्ये हशा आहे, तो तुमचा तुम्ही धरून घ्या.)

मागच्या बाकावरचे, पुढं या बरं. गाण्याच्या तालमीत मागं बसायची सवय लागली की आवाज पण मागंच राहतो.

मला सांगितलंय, समूहगीतावर बोला. मी काही मोठी गायिका नाही हे आधीच सांगते. मी त्या टीममधली आहे जी एका वर्षी वगळली गेली, पुढच्या वर्षी वाद्यांत बसली आणि तिसऱ्या वर्षी कुठं गायली. म्हणजे तिन्ही बाजूंनी बघितलंय.

आधी नियम, कारण तिथंच निम्म्या टीम मरतात. आपलं विद्यापीठ म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे. त्याच्या युवक महोत्सवाला ज्ञानतीर्थ म्हणतात, ते तुम्हाला माहीतच आहे. तिथून पुढं राज्याचा इंद्रधनुष्य, आणि देशपातळीवर भारतीय विद्यापीठ संघाचे, म्हणजे एआययूचे महोत्सव. एआययूचा नियम असा : भारतीय समूहगीतात जास्तीत जास्त सहा गायक, तीन साथीदार. दोन गाणी, एक देशभक्तीचं आणि एक लोकगीत. दोन्ही मिळून दहा मिनिटं. मांडामांडीला चार मिनिटं वेगळी. सिनेमातलं गाणं चालत नाही. आणि गुण फक्त गाण्याच्या दर्जाला, पोशाखाला आणि हावभावाला नाहीत.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम परत म्हणते. पोशाखाला गुण नाहीत. तरीपण आपल्याकडं पहिली मीटिंग कशावर होते? साड्या कुठल्या रंगाच्या, फेटे भाड्यानं कुठं मिळतात! आमच्या वेळी फेट्यांना जेवढे पैसे गेले तेवढ्यात चांगली टाळाची जोडी आली असती. असो.

सिनेमातलं गाणं चालत नाही म्हटलं की मुलं दचकतात. कारण शाळेत आपण जी प्रार्थना रोज म्हणलो ती बऱ्याचदा सिनेमातली असते. ‘हम को मन की शक्ति देना’ हे १९७१ च्या ‘गुड्डी’तलं, वसंत देसाईंच्या चालीचं. ‘इतनी शक्ति हमें देना’ १९८६ च्या ‘अंकुश’मधलं. दहा वर्षं रांगेत उभं राहून सगळ्यांनी मिळून म्हणलेलं गाणं, आणि स्पर्धेत ते बाद. म्हणजे एकत्र म्हणायची सवय आपल्याला आहे, फक्त ते गाणं दुसरं शोधावं लागतं.

आता सहा हा आकडा. ऐकायला सोपा. पण तालमीला येतात आठ-दहा जण. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही आठ होतो. महिनाभर रोज संध्याकाळी, लायब्ररीच्या मागच्या खोलीत. शेवटच्या आठवड्यात सरांनी दोन नावं कमी केली. त्यातलं एक माझं. का, तर माझा आवाज ‘वर निघतो’. म्हणजे सहा जण गात असले की सातवी म्हणून मीच ऐकू येते. तेव्हा मला वाटलं, आवाज मोठा असणं हा काय गुन्हा आहे? घरी येऊन जेवले नाही. आज मी टीम बसवते तेव्हा पहिल्यांदा हेच बघते की कोण दुसऱ्याला ऐकत गातंय. सर चुकले नव्हते. फक्त ते शेवटच्या आठवड्यात सांगायला नको होतं, पहिल्या आठवड्यात सांगायचं. तुमच्यात जे टीम लीडर असतील त्यांनी एवढं तरी करा.

मग येतो पट्टीचा प्रश्न. हा खरा प्रश्न आहे आणि यावर कोणी बोलत नाही. मुलांचा आवाज साधारण काळी एकला बसतो. मुलींचा काळी चार, काळी पाच. मिश्र टीम असली की कुणीतरी म्हणतं, मधली घ्या, पांढरी चार. झालं! मुलांना तार सप्तकात किंचाळावं लागतं आणि मुलींचा मंद्रातला आवाज माईकपर्यंत पोचत नाही. सगळ्यांना समान त्रास, त्याला आपण समान न्याय समजतो. यावर उपाय दोनच. एक तर ओळी वाटून घ्या, उंच जाणारी ओळ मुलींना, खाली उतरणारी मुलांना. नाहीतर दोन वेगळे स्वर एकाच वेळी धरायला शिका, म्हणजे हार्मनी.

हार्मनी म्हणलं की आपल्याला वाटतं ते चर्चमधलं, शिलाँगचं. शिलाँग चेंबर क्वायर २०१० मध्ये ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकली, तेव्हा आपल्या गावात पहिल्यांदा लोकांनी बघितलं की हिंदी गाणं असं पण गाता येतं. सोप्रानो, अल्टो, टेनर, बास, चार थर, आणि प्रत्येक थराची चाल वेगळी. महोत्सवात पाश्चात्त्य समूहगायन असा वेगळा प्रकार आहेच. आपल्या भागातून त्यात कमी जण उतरतात. इंग्रजीची भीती, दुसरं काय. पण हार्मनी ही इंग्रजीची मालकी नाही. कोलकात्यात १९५८ ला रुमा गुहा ठाकुरतांनी कॅलकटा यूथ क्वायर उभी केली, सोबत सलील चौधरी आणि सत्यजित राय. मद्रासला १९७१ मध्ये एम. बी. श्रीनिवासन यांनी मद्रास यूथ क्वायर काढली. यांनी आपल्याच भाषांतली गाणी थरांमध्ये बसवली. युट्यूबवर शोधा, घरी जाऊन ऐका. आत्ता नको, आत्ता मी बोलायलेय.

आणि आपल्याकडं काय होतं? आपल्याकडं पण होतं की! पोवाड्यात शाहीर एक ओळ म्हणतो आणि मागचे झीलकरी ‘जी जी’ ओढतात. कीर्तनात टाळकरी ध्रुपद धरतात. गोंधळात मुख्य गोंधळी सांगतो आणि साथीदार उचलतो, संबळ आणि तुणतुणं खाली चालूच. एक सोडतो, बाकीचे झेलतात, ही आपली पद्धत. माहूरच्या पोराला हे शिकवायला लागू नये. गोंधळ्यांच्या दोन शाखा, रेणुराई आणि कदमराई. कदमराई तुळजापूरच्या भवानीचे, रेणुराई आपल्या रेणुकेचे. म्हणजे महाराष्ट्रात कुठंही रेणुराई गोंधळी उभा राहिला की त्याच्या गाण्याचा पत्ता या गडाचा असतो.

याच्यामुळंच आमची पंचाईत झाली. पहिल्या वर्षी लोकगीत ठरवायचं होतं. सर म्हणाले, ‘माहूरचं कॉलेज आहे, जोगवाच घ्या. परीक्षकांना पण ओळखीचा.’ बरोबरच होतं. आम्ही जोगवा घेतला. तिथं गेलो तर आमच्या आधी दोन टीमनी जोगवा गायला, आणि आमच्यापेक्षा चांगला. गड आमचा, जोगवा त्यांचा! मी तेव्हा प्रेक्षकांत बसलेली, वगळलेली. खरं सांगू का, थोडंसं बरंपण वाटलं. तेवढी मी वाईट होते.

दुसऱ्या वर्षी आमच्यात एक मुलगी आली, किनवटकडच्या तांड्यावरची. बंजारा. ती म्हणाली, आपण लेंगी घेऊ. लेंगी म्हणजे होळीत तांड्यावर म्हणतात ती गाणी, गोरमाटी बोलीत, डफावर आणि थाळीवर. टीममधल्या एकानं लगेच विचारलं, ‘कुणाला कळणार ती भाषा?’ नियमात प्रादेशिक भाषा चालते, पण प्रश्न नियमाचा नव्हताच. ती काहीच बोलली नाही. मला आजही आठवतं, तिनं फक्त पाण्याची बाटली उघडली आणि परत बंद केली. शेवटी सर म्हणाले, ऐकू तरी.

तिनं म्हणून दाखवलं. मग आम्ही काय केलं? सुधारलं! मुखडा, अंतरा, मुखडा. शेवटी तिहाई. मध्ये आलाप घातला. वेग थोडा कमी केला, ‘शब्द स्पष्ट यावेत’ म्हणून. हार्मोनियम लावली. आणि खूश झालो. मोबाइलवर रेकॉर्ड करून तिनं घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी आली ती गप्प. आईनं ऐकलं होतं, याडीनं, त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. याडी म्हणाली, ‘छान आहे. पण हे कुणाचं आहे?’

यावर आमच्यात भांडण झालं. एक जण म्हणाला, स्टेजवर जायचं म्हणजे थोडं बदलावंच लागतं, तांड्यावरची होळी आपण हॉलमध्ये नेऊ शकत नाही. त्याचं पण खोटं नव्हतं. तांड्यावर ते गाणं अर्धा तास चालतं, इथं तुम्हाला पाच मिनिटं. तिथं म्हणणारे पन्नास, इथं सहा. बदल होणारच. मग कुठला बदल चालतो आणि कुठला नाही? आम्हाला तेव्हा उत्तर आलं नाही. आम्ही एवढंच केलं, रविवारी एसटीनं तांड्यावर गेलो आणि याडीला म्हणलं, तुम्ही म्हणा, आम्ही मागं म्हणतो.

तिथं कळलं की आम्ही नेमकं काय काढून टाकलं होतं. ती ओळ पूर्ण व्हायच्या आधीच बाकीच्या बाया उचलतात. एक श्वास संपतो तिथं दुसरीचा सुरू झालेला असतो, मध्ये भोक पडतच नाही. आम्ही ते ‘स्वच्छ’ करून टाकलेलं. ओळ संपली, गॅप, मग कोरस. शाळेतल्या पाढ्यासारखं. मग आलाप काढला, तिहाई काढली, हार्मोनियम काढली. डफ, थाळी आणि तिसरा साथीदार म्हणून मी, माझ्या फोनमधलं तानपुऱ्याचं ॲप घेऊन. हो, वर निघणाऱ्या आवाजाला शेवटी ॲप मिळालं.

देशभक्तीच्या गाण्याबद्दल इथं थोडं बोलते. बहुतेक टीम त्याला अर्धी तालीमपण देत नाहीत. मुठी आवळायच्या, शेवटी जोरात ओरडायचं. पण आपण मराठवाड्यातले आहोत. १९३८ साली निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात मुलांनी वसतिगृहात एकत्र ‘वंदे मातरम्’ म्हणलं म्हणून त्यांना काढून टाकलं होतं. तुमच्याच वयाची पोरं. माफी मागितली नाही, शिक्षण सोडलं. पुढं नागपूर विद्यापीठानं त्यांना प्रवेश दिला. त्यांच्यात एक पी. व्ही. नरसिंह राव होते, नंतर पंतप्रधान झाले ते. हैदराबाद मुक्त झालं १७ सप्टेंबर १९४८ ला, आणि आपल्या विद्यापीठाची स्थापना पण १७ सप्टेंबरचीच, १९९४ ची. विद्यापीठाला नाव ज्यांचं, ते स्वामीजी त्याच लढ्याचे नेते. सांगायचं काय, की मुलांनी एका खोलीत मिळून गाणं म्हणणं हे कुणालातरी एवढं टोचलं होतं. ते डोक्यात ठेवून गायलात तर ओरडायची गरज पडत नाही. आमचं देशगीत त्या वर्षी सगळ्यात हळू सुरू झालं होतं.

तर, स्टेज. नांदेडपर्यंत सव्वाशे किलोमीटर, पहाटेची गाडी, एकीला उलट्या. नंबर आला दुपारी. देशगीत नीट झालं. मग लेंगी. डफ सुरू झाला, तिनं पहिली ओळ सोडली, आम्ही ठरल्याप्रमाणं उचलली, आणि दोन मिनिटांनी माझा फोन वाजला.

घरून फोन. ‘पोचलीस का’ विचारायला. माझ्या आत्याचा. तानपुरा बंद, आणि स्पीकरवर रिंगटोन, अख्ख्या हॉलमध्ये. मी कट केला, परत ॲप लावलं, मोजून दहा-बारा सेकंद गेले असतील. सहा जणी थांबल्या नाहीत. पण तानपुरा परत आला तेव्हा त्या जवळजवळ अर्धा सूर खाली होत्या. आधार नसला की समूह हळूहळू खाली सरकतो, हे सगळ्यांचं होतं, मोठमोठ्या क्वायरचंपण होतं. मला दोन पर्याय होते. तानपुरा चालू ठेवायचा आणि त्यांना बेसूर दिसू द्यायचं, नाहीतर बंद करायचा. मी बंद केला. उरलेलं गाणं फक्त डफ आणि थाळीवर झालं.

नंबर आला नाही. यायला पण नको होता, सूर खरंच उतरला होता. पण खाली उतरल्यावर परभणीकडची एक मुलगी धावत आली, आमच्या बंजारा मैत्रिणीशी गोरमाटीत काहीतरी बोलली, आणि दोघी रडायला लागल्या. आम्हाला एक शब्द कळला नाही. विचारलं तर म्हणाली, ‘काही नाही, तिच्याकडं ती ओळ वेगळी म्हणतात.’

परतीच्या गाडीत ती ती वेगळी ओळ पाठ करत होती.

आत्याला मी अजून सांगितलेलं नाही. ती हे ऐकणार नाही अशी आशा आहे, तिच्याकडं साधा फोन आहे.

बरं, चला. आता उठा. सहा-सहाचे गट करा, ज्यांचा आवाज वर निघतो त्यांनी माझ्याकडं या. आणि सगळ्यांनी फोन काढा, एअरप्लेन मोड. माझ्यासमोर लावा, मला बघायचंय.