पोकळ पत्र्यातला गंज


चारोटी नाक्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो.
पश्चिमेला डहाणूची खारी हवा.
वर चार महिने पाऊस.
इथे जुनी गाडी नव्याने उभी करायची, तर गंजाशी गाठ आहेच.

बाहेरचा गंज दिसतो.
घात होतो तो आतून.
जीपच्या चासीतली पोकळी, दाराचा तळ, दाराखालची पट्टी...
तिथे ब्रश पोहोचत नाही.
जुनी बजाज चेतक आठवते ना?
पाय ठेवायच्या पत्र्याखाली पोकळ कणा असतो.
चिखल नेमका तिथेच साचतो.

आधी आतली माती धुऊन काढा.
मग वाळवा.
अगदी कोरडं होईपर्यंत वाळवा!
ओल आत राहिली, तर गंज नुसता झाकला जातो.
तो थांबत नाही.

वेल्डिंग आधीच उरका.
कारण मेण पेट घेतं.
मग लांब नळीने गंजरोधक मेण आत फवारा.
ते सांध्यासांध्यांत झिरपतं.
काहीजण जळकं इंजिन ऑइल ओततात.
मला ते पटत नाही.
ते ठिबकतं आणि जमीन नासवतं.

तळाला पाणी निथळायची भोकं असतात.
ती बुजवू नका.
पुन्हा सांगते, ती भोकं बुजवू नका.
मेण थिजलं, की तार घालून बघा.