सोल्डरचा सांधा का तुटतो आणि मेमो कुणाला मिळतो
(नवा रायपूर येथील रेल्वे व टपाल कामगारांच्या शिबिरात रेल्वे युनियनच्या सेक्रेटरींनी केलेले भाषण)



आज आम्ही महागाई भत्त्यावर बोलणार नाही. विषय आहे सर्किट बोर्डावरच्या सोल्डरला जाणाऱ्या तड्याचा. कुणी म्हणेल, हा इंजिनिअर साहेबांचा विषय आहे, युनियनला त्यात काय कळते? आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, हे खरे. पण कार्ड बंद पडले की पहिला मेमो सिग्नल मेंटेनरला मिळतो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

३० मार्च २०२५ रोजी या नव्या शहरावरून अभनपूर-रायपूर मेमू गाडी सुरू झाली. नवा मार्ग असो की जुना, सिग्नलपासून तिकीट खिडकीपर्यंत सगळीकडे कार्डे आहेत. टपालाच्या काउंटरवर आहेत, ग्रामीण डाकसेवकाच्या हातातल्या यंत्रातही आहेत. एकेका कार्डावर शेकडो सांधे असतात आणि त्यातला एक तुटला तरी काम थांबू शकते.

सांधा तुटतो कसा? आपल्या ट्रॅकवरच्या भावांना हे शिकवायला नको. १३ मीटरचा रूळ ४० अंश तापला की सुमारे ६ मिलिमीटर वाढतो. म्हणून फिशप्लेटच्या सांध्यात फट ठेवतात. कार्डावरही सगळे वाढते, पण सारखे वाढत नाही. तांबे आणि बोर्ड एका अंशाला दहा लाखांत १६-१७ भाग वाढतात, चिनी मातीसारखा सिरॅमिकचा सुटा भाग ६-७ भागच वाढतो. ही ओढाताण मधले सोल्डर सोसते, आणि तिथे फट ठेवायची सोय नाही. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसे सोल्डर रोज थोडे थोडे थकते. रायपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हात उभ्या लोखंडी पेटीच्या आत तो आणखी चढतो आणि रात्री उतरतो. वर्षाला ३६५ फेरे झाले.

दुसरे कारण हादरे. ट्रान्सफॉर्मर, मोठा कपॅसिटर यांसारखे जड भाग नुसत्या पायांवर उभे असतील, तर गाडीच्या प्रत्येक धक्क्याला ते सांध्याला हिसका देतात. डाकसेवकाचे यंत्र दिवसभर पिशवीत आदळते, त्याचेही तेच.

तिसरे कारण मूळ कामातली कसूर. पाय मळलेला असेल, उष्णता अपुरी असेल, किंवा सोल्डर थंड होताना हात हलला असेल, तर सांधा वरून धरलेला दिसतो, आत धरलेला नसतो. जुने कथील-शिशाचे सोल्डर १८३ अंशांना वितळते. बिनशिशाच्या सोल्डरला २१७ ते २२० लागतात. जुन्याच अंदाजाने इस्त्री लावली तर सांधा कच्चाच राहतो.

असा तडा फसवा असतो. दुपारी बिघाड, संध्याकाळी ठीक. कार्ड दाबले की चालू. मग 'रीसेट केले, ठीक चालू' असा शेरा पडतो आणि प्रकरण मिटते.

ते मिटत नाही. २८ डिसेंबर २०१४ रोजी इंडोनेशियातील सुराबायाहून सिंगापूरला निघालेले एअर एशियाचे विमान समुद्रात कोसळले आणि १६२ माणसे गेली. चौकशीत निघाले की शेपटीच्या सुकाणूवर मर्यादा ठेवणाऱ्या यंत्रणेच्या कार्डावर सोल्डरला तडे होते. आधीच्या १२ महिन्यांत त्या यंत्रणेचा बिघाड २३ वेळा नोंदला गेला होता. त्या दिवशी उड्डाणात तो चार वेळा आला. चौथ्या वेळी वीजपुरवठा तोडून रीसेट करण्यात आले, ऑटोपायलट सुटला आणि विमान सावरता आले नाही. एकट्या तड्याने विमान पडले असे अहवाल म्हणत नाही. पण नुसते रीसेट म्हणजे दुरुस्ती नव्हे, हा धडा आपण घ्यायचा आहे.

म्हणून कामगारांना आमचे सांगणे: बिघाडाची वेळ आणि पेटीतले तापमान रजिस्टरात लिहा. तोच बिघाड पुन्हा आला तर कार्ड बदला आणि जुने कार्ड चिठ्ठीसह तपासणीला पाठवा. सिग्नलच्या सुरक्षेचे कार्ड साइटवर कधीही स्वतः सोल्डर करू नका, वरून कितीही तगादा आला तरी. कार्ड वाकवून ओढू नका.

प्रशासनाकडे आमच्या मागण्या: पेट्यांना सावली आणि हवा द्या. जड भागांना आधार असलेलीच कार्डे घ्या. दुरुस्ती विभागाला तापमान ठरवता येणारी इस्त्री, भिंग आणि प्रशिक्षण द्या. आणि सर्वांत महत्त्वाचे, चार्जशीट देण्यापूर्वी कार्ड भिंगाखाली पाहा. पायाभोवती गोल तडा दिसला, तर तो उन्हाने, हादऱ्याने किंवा कच्च्या कामाने पाडलेला आहे. त्याची शिक्षा ड्यूटीवरच्या माणसाला होता कामा नये.

रजिस्टरातली आपली नोंद हाच उद्या आपला साक्षीदार आहे. ती आजपासून नीट लिहा.

कामगार एकजुटीचा विजय असो!