शिक्षक ते रेल्वेमंत्री : प्रा. मधु दंडवते
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण, सोनगीर)



‘अखेर मास्तरच ना!’ हे उद्गार आपल्या ज्ञातीत वरसंशोधनाच्या वेळी आम्ही अनेकदा ऐकले आहेत. म्हणूनच आज एका शिक्षकाचे स्मरण करावेसे वाटते. १९२४ साली अहमदनगरात जन्मलेले प्रा. मधु दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. १९७१ पासून राजापूरच्या मतदारांनी त्यांना सलग पाच वेळा लोकसभेत धाडिले. १९७७ साली रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना पुन्हा कामावर घेतले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर मऊ गादी घालण्यास आरंभ केला. तसल्याच फळ्यांवर आम्ही धुळे-चाळीसगाव गाडीत बालपणी अंग अवघडून बसलो आहोत.

मोठ्या पदावरील माणसाची दृष्टी सहसा पहिल्या वर्गावर खिळते. या शिक्षकाची दृष्टी मागच्या बाकाकडे गेली. आम्ही स्वतः मात्र वर्षानुवर्षे पुढच्या बाकावरील हुशार मुलांकडे पाहूनच शिकविले, ही खंत आज आपणांसमोर कबूल करितो. तरुण शिक्षकबंधूंनी ती चूक टाळावी आणि ज्ञातिबांधवांनी ‘मास्तरच ना’ हे शब्द पुन्हा उच्चारू नयेत, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.