न्हाणीघराची स्वच्छता आणि घरातील साधने



वणी तालुक्याचे नाव कोळशासाठी घेतले जाते. परंतु येथील भूगर्भात चुनखडीही विपुल असून राजूरच्या चुनाभट्ट्या तिच्याच आधारे उभ्या राहिल्या. याच खडकातून झिरपणारे पाणी आपल्यासोबत चुना घेऊन विहिरीत व बोअरमध्ये येते. पाणी वाळते, चुना मागे राहतो. बादलीच्या काठावर, नळाच्या तोंडाशी आणि संडासाच्या भांड्यात जमणारा पांढरा, टणक थर तो हाच. तो गृहिणीच्या आळसाचे लक्षण नव्हे, हे प्रथम सांगणे अगत्याचे आहे.

हा थर घासून जात नाही. तो आंबट पदार्थात विरघळतो. संडास धुण्याच्या अनेक बाटलीबंद द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते ते याचसाठी. तेच काम लिंबूसत्त्व, चिंच किंवा व्हिनेगर सावकाश करते. लिंबूसत्त्वाचे दोन-तीन चमचे लिटरभर कोमट पाण्यात विरघळवून रात्री भांड्यात ओतावे आणि सकाळी ब्रशने घासावे. नळाच्या तोंडाला चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवला तरी पुरते. थर जुना असेल तर हा उपाय तीन-चार वेळा करावा लागतो. एका दिवसात चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

साबणाचा व तेलाचा चिकट मळ मात्र आंबटाने हटत नाही. त्याला धुण्याचा सोडा किंवा चाळलेली राख हवी. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यास फेस भरपूर येतो. पण दोन्ही एकमेकांचा गुण मारतात आणि हाती राहते ते जवळजवळ पाणीच! आणखी एक सावधगिरी: शहाबादी फरशी ही स्वतःच चुनखडी असल्याने तिच्यावर लिंबू किंवा आम्ल पडू देऊ नये. चुन्याच्या थराबरोबर फरशीही झिजते. तेथे रिठ्याचे पाणी वा साधा साबण पुरेसा आहे.

घरगुती साधने मळ काढतात, रोगजंतूंचा भरवशाने नाश करीत नाहीत. गावात हगवण वा पटकीची साथ असेल तेव्हा टीसीएल पावडरचे द्रावणच वापरले पाहिजे. परंतु टीसीएल आणि आम्ल यांची कधीही गाठ पडू देऊ नये. दोन्ही एकत्र येताच क्लोरीन वायू सुटतो. लहानशा बंद संडासात तो डोळे व घसा जाळतो, फुफ्फुसांना इजा करतो आणि प्रसंगी जीवही घेतो. आधी आम्ल ओतले असेल तर भरपूर पाण्याने भांडे धुऊन, दार उघडे ठेवून, मगच टीसीएल वापरावे. लिंबूसत्त्व व व्हिनेगर यांनाही हाच नियम लागू आहे.

आम्लाच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली निर्बंध घातले. अठरा वर्षांखालील व्यक्तीस ते विकता येत नाही आणि दुकानदाराने खरेदीदाराची नोंद ठेवावी लागते. तरीही शरबताच्या रिकाम्या बाटलीत आम्ल भरून मोरीच्या कोपऱ्यात ठेवलेले आढळते. मुलाला बाटली ओळखीची वाटते, आतले द्रव नव्हे. शाळेत स्वच्छतागृहाचे सामान कुलपात ठेवावे, त्यावर नाव लिहावे, आणि टीसीएलची पिशवी आम्लापासून दूर, वेगळ्या कपाटात, कोरड्या जागी तोंड बांधून ठेवावी. उघडी राहिल्यास तिचा जोर काही आठवड्यांतच ओसरतो.